गव्हाणात गिऱ्हाईक पाहिजे

गव्हाणात सध्या काहीही मिळतं. मिळत नाही ते फक्त गिऱ्हाईक.

आमच्या इमारतीचंच बघा. पहिल्या मजल्यावर लाकडी घाण्याचं तेल आहे. दुसऱ्यावर बिनअंड्याचा केक आणि समोरच्याच दारात गावठी अंडी, त्यामुळे त्या दोन घरांत फारसं बोलणं नाही. चौथ्यावरच्या वहिनी आगरी मसाला करतात. मिरच्या भाजतात त्या दिवशी सातव्या मजल्यापर्यंत सगळे शिंकतात. वेगळ्या जाहिरातीची गरज पडत नाही. सातव्यावरचे गृहस्थ दिवसभर कुठल्याशा कंपनीचं संगणकावरचं काम करतात आणि रात्री जेवणं झाली की तूप विकतात. हंगामात हापूस आणि हंगाम सरला की विमा, असंही एक घर आहे. वॉचमनकडे सुकट मिळते. लिफ्टमध्ये कुणी ‘काय, कसं काय?’ म्हणालं की पुढचा प्रश्न ‘तेल संपत आलं असेल ना?’ हाच येणार, हे आता पोराटोरांनाही कळतं. सगळ्यांकडे विकायला काहीतरी आहे. घ्यायला उरलो मी. बायको बरीच वर्षं माझ्या बाजूला होती. गेल्या दिवाळीपासून तिनेही चकलीची भाजणी सुरू केली.

कोरोनानंतर बाजार बदलला, असं जो तो सांगतो. भाजीवाला बदलला, मासळीवाली बदलली, पैसे द्यायची रीत बदलली. असेल. पण खरी अवनती झाली ती गिऱ्हाईकाची, आणि त्यावर कुणी अग्रलेख लिहीत नाही.

गव्हाण म्हणजे पनवेल तालुक्यातलं, खाडीकाठचं आगरी-कोळ्यांचं गाव. भातशेती, मिठागरं आणि खाडीची मासळी यांवर इथल्या पिढ्या निघाल्या. १९७० साली नवी मुंबई वसवायला सिडको स्थापन झाली आणि नकाशावर रेघा पडल्या. १९८४ च्या जानेवारीत जमिनींच्या मोबदल्यासाठीच्या जासई-दास्तानच्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांचे बळी गेले, शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातून गेलेल्या जमिनीपोटी साडेबारा टक्क्यांचे भूखंड आले, आणि गावाला चिकटून उलव्याचे सेक्टर उभे राहिले. जिथे भाताची लावणी व्हायची तिथे आता पाकिटातला कोलम लिफ्टने वर जातो. २०१८ च्या नोव्हेंबरात खारकोपरपर्यंत लोकल आली आणि बाजाराला वेळापत्रक मिळालं. सकाळी पाट्या घेऊन कोळणी, संध्याकाळी स्टेशनाबाहेर भाजीच्या गाड्या, आणि मोठी खरेदी असली की पनवेल.

तो गिऱ्हाईकाचा सुवर्णकाळ होता. भेंडीचं टोक मोडून बघायचं, मोडलेली भेंडी परत ढिगात टाकायची. माशाचा कल्ला उचलून आत डॉक्टरच्या नजरेनं पाहायचं. भाव विचारायचा, तो ऐकून खिन्नपणे हसायचं, आणि चालू पडायचं. या चालू पडण्यात सगळी कला. फार भरभर चाललं तर बाई हाक मारत नाही, फार हळू चाललं तर तिला कळतं की हा जाणार नाही. चौथ्या-पाचव्या पावलाला पाठीमागून ‘ये दादूस, बोल तुझं!’ अशी हाक आली पाहिजे. ती आली की मान अर्धीच वळवायची. माझे सासरे यात वाकबगार होते. त्यांना एकदा हाक आली नाही, तर ते तसेच चालत पुढच्या स्टॉपपर्यंत गेले आणि बसने घरी आले. मासे नाहीत, पण इज्जत शाबूत.

मग २०२० उजाडलं. सुरुवात कोंबडीपासून झाली. कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो अशी अफवा फेब्रुवारी-मार्चमध्ये उठली आणि पोल्ट्रीवाल्यांवर कोंबड्या कवडीमोलाने विकायची वेळ आली. ज्यांनी तेव्हा फुकटसुद्धा नको म्हणून तोंडं फिरवली, तेच पुढे एप्रिलमध्ये चौपट भाव देऊन मागच्या दाराने कोंबडी मिळते का, याची चौकशी करत होते. २२ मार्चचा जनता कर्फ्यू झाला, लोकल थांबल्या, २५ पासून देश बंद. मे महिन्यात वाशीच्या बाजार समितीत साथ पसरली आणि ११ ते १७ मे असा आठवडाभर तो अवाढव्य बाजारही बंद ठेवावा लागला. साथीला बाजाराचा पत्ता पहिल्यापासून ठाऊक असतो. १८९६ चा मुंबईचा प्लेगसुद्धा मांडवीत, धान्याच्या वखारींच्या शेजारीच उगवला होता.

वाशी बंद म्हणजे आमच्या सगळ्या बेल्टचं पोट बंद. तेव्हा टेम्पो आले. जुन्नर, नाशिककडचे शेतकरी थेट सोसायटीच्या गेटवर माल आणू लागले. फळं-भाज्या बाजार समितीच्या बंधनातून सरकारने २०१६ च्या जुलैतच मोकळ्या केल्या होत्या, पण कायद्याने दिलेली मोकळीक वापरायला शेतकऱ्याला वेळ नव्हता आणि आम्हाला गरज नव्हती. ती दोन्ही एकदम मिळाली. कोकणातला आंबा तर त्या वर्षी दलालाचं तोंड न बघता बागेतून थेट आमच्या जिन्यात आला.

गेटवर खडूची वर्तुळं आखली होती. वर्तुळात उभं राहायचं, आपला पेन आपण आणायचा, यादीवर सही करायची, पिशवी पुढे करायची आणि मिळेल ते घ्यायचं. वॉचमनचा रुबाब तेव्हा विमानतळावरच्या कस्टम अधिकाऱ्याचा होता. कोथिंबीर खायच्या सोड्यात, दुधाच्या पिशव्या साबणात, नोटा उन्हात. आमच्या शेजाऱ्यांनी नोटांवर इस्त्री फिरवली होती. पण या सगळ्यात एक गोष्ट गुपचूप घडली. गिऱ्हाईक पिढ्यान्पिढ्या ‘केवढ्याला?’ असं विचारत आलं होतं. गेटवर ते पहिल्यांदा ‘आहे का?’ असं विचारू लागलं. तिथे आम्ही गेलो.

त्याच सुमाराला विकणारे वाढायला लागले. रोजगार गेला तो एकेका घराचा नव्हे, वाड्यांचा गेला. आगऱ्यांकडे लग्न म्हणजे हळद, आणि हळद म्हणजे बेंजो, डीजे, मंडप, केटरिंग, फुलं, व्हिडिओ. लग्नं पन्नास माणसांत आली आणि हे सगळं गाव रिकामं झालं. कंपन्यांच्या बशी चालवणारे घरी, रिक्षावाले घरी. मग ज्याच्याकडे जे होतं त्यात त्याने माल भरला. रिक्षात मागच्या सीटवर शहाळी बसली. मंडपवाल्याच्या टेम्पोत कलिंगडं. बेंजो पार्टीतला एक पोरगा अंडी विकायला लागला, आणि त्याची हाक इतकी तालात असायची की दुसऱ्या मजल्यावरची चिमुरडी गॅलरीत नाचायची. आता लग्नं परत हजार माणसांत होतात, तो पोरगा परत बेंजो वाजवतो. अंडी त्याची आई विकते. हे सगळीकडे झालं. जुना धंदा परत आला आणि नवा गेला नाही. प्रत्येक घरात एक धंदा शिल्लक उरला.

एक अडचण होती: मास्क. मास्कमधून हाक जात नाही. भाजीवाल्याची सगळी मालमत्ता म्हणजे त्याचा गळा, आणि त्यालाच कापड बांधलं. त्यावर बॅटरीवरचा भोंगा निघाला. आवाज एकदा त्यात भरून ठेवायचा, गाडीला टांगायचा, की दिवसभर तो ओरडतो आणि मालक निवांत. मास्क गेले, भोंगा राहिला. पूर्वी हाकेवरून माणूस ओळखू यायचा, त्याची तब्येत, त्याचा मूड, माल किती उरलाय तेही. दुपारी बाराची हाक सकाळी आठच्या हाकेपेक्षा पाच रुपयांनी स्वस्त असायची. भोंग्याला दुपार होत नाही.

आमच्या गल्लीत येणाऱ्या गाडीचा भोंगा ‘टोमॅटो तीस रुपये किलो, तीस रुपये किलो’ असं अत्यंत आनंदाने सांगायचा. २०२३ च्या जुलैत टोमॅटोने शंभरी ओलांडली तेव्हाही तो तीसच सांगत होता. मी खाली उतरलो.

“टोमॅटो कसे?”

“एकशे चाळीस.”

“तीस ओरडतोय ना हा?”

“ते जुनं रेकॉर्डिंग आहे, काका.”

“मग बदला की.”

“ज्याच्याकडून भरून घेतलं तो पोरगा गावाला गेलाय.”

यावर वाद कोणाशी घालणार? भाजीवाला सौम्य, नम्र, शांत. ओरडतो तो भोंगा. आम्ही बोलत होतो तेवढ्या वेळात त्याने आणखी सहा वेळा तीस सांगितलं आणि वरून तीन बायका पिशव्या घेऊन खाली आल्या. त्या खाली आल्या म्हणजे काहीतरी घेऊनच जाणार. तो पोरगा गावाहून अजून आलेला नाही असं कळतं.

भोंगा मालकाच्या वतीने बोलतो, पण त्याहून वाईट यंत्र दुसरं. ते गिऱ्हाईकाच्या वतीने बोलतं. कोळणीच्या फळकुटावर, बर्फाच्या पेटीच्या कडेला, एक छोटा डबा असतो. त्याच्यावर खवले चिकटलेले असतात, एका बाजूला कोयत्याचा चरा असतो. आपण क्यूआरवर पैसे टाकले की तो मोठ्याने जाहीर करतो: एकशे वीस रुपये मिळाले. २०२० च्या मार्चमध्ये देशभरात यूपीआयचे महिन्याला सव्वाशे कोटीच्या आसपास व्यवहार व्हायचे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ते हजार कोटींच्या पुढे गेले. याला अर्थशास्त्रज्ञ क्रांती म्हणतात. घरच्या शांततेचा भंग झाला त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

मराठी घरात बाजारातून आल्यावर भाव सांगायचा असतो, आणि तो खरा सांगायचा नसतो. पुरुषाने कमी सांगायचा, म्हणजे ‘तुम्हाला फसवतात’ हे ऐकावं लागत नाही. बायकांनी शेजारणीला आणखी कमी सांगायचा, म्हणजे तिचा दिवस खराब होतो. पाहुण्यांसमोर मात्र पापलेटचा भाव वाढवून सांगायचा. या सगळ्या थोर व्यवस्थेवर त्या डब्याने बोळा फिरवला. मी मांदेली घेऊन जिना चढण्याआधी मजल्यावर बातमी पोचलेली असते. समोरच्या काकू दार उघडून नुसतं ‘ऐंशी?’ एवढंच म्हणतात. परवा एक सद्गृहस्थ कोळणीच्या ओट्यावर उभे होते. मागे त्यांच्या ओळखीचे दोघे-तिघे आले. त्यांनी घेतली होती नुसती वाटाभर कोलंबी. डबा बोलेल या भीतीने त्यांनी त्याच दमात एक सुरमईही घेतली. डबा सहाशे चाळीस बोलला आणि त्यांचा चेहरा खुलला. सुरमईचं घरी काय झालं ते कळलं नाही; त्यांच्या घरी श्रावण चालू होता.

या डब्याबरोबर सरकारही बाजारात आलं. १ जून २०२० ला स्वनिधी योजना आली: सुरुवातीच्या वर्षांत फेरीवाल्याला आधी दहा हजारांचं कर्ज मिळायचं, फेडलं की वीस, ते फेडलं की पन्नास, आणि फोनवरून पैसे घेतले तर महिन्याला शंभर रुपयांपर्यंत परत यायचे. हे चांगलं झालं, यात चेष्टेला जागा नाही. सावकाराच्या रोजच्या व्याजातून काही जण तरी सुटले. मात्र चिल्लरीचा प्रश्न संपला तसा तिच्यावर उभा असलेला सगळा सलोखाही संपला. सुटे नाहीत म्हणून मिळणारं आलं, सुटे नाहीत म्हणून ‘उद्या द्या’, आणि तो उद्या द्यायला गेलो म्हणून घेतलेली मेथी. आता सत्तेचाळीस म्हणजे सत्तेचाळीस. दोन रुपये कमी करा म्हणावं तर ती बोट दाखवते: आकडा टाकलाय तू, आता डब्याला सांग.

दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या ॲपांचं कौतुक मी करणार नव्हतो, पण एका गोष्टीसाठी करतो. ग्रोफर्सचं ब्लिंकिट झालं ते २०२१ च्या डिसेंबरात. झेप्टो तर दोन पोरांनी मुंबईत त्याच साथीच्या काळात उभी केलेली. भाजी मोबाईलवर, भाव ठरलेला, चर्चा नाही, चालू पडायची सोय नाही. आणि मग मे २०२४ मध्ये मुंबईतल्या एका मुलाने जाहीरपणे लिहिलं की भाजीबरोबर कोथिंबिरीचे पैसे मोजावे लागले म्हणून आईला धक्का बसला. ब्लिंकिटच्या प्रमुखाने ते वाचलं आणि ठरावीक भाजी घेतली की कोथिंबीर फुकट असं सुरू केलं. गोदामं, नकाशे, हजारो स्वार, अब्जावधींची गुंतवणूक, सगळं एका आईपुढे वाकलं. आमच्या गल्लीतल्या भाजीवाल्याने मात्र याच सुमाराला कोथिंबीर फुकट देणं बंद केलं. कारण विचारलं तर म्हणाला, “ॲपवर पण पैसे लागतात, काका.” मी त्याला बातमी सांगितली. त्याने ती शांतपणे ऐकली आणि म्हणाला, “मग ॲपवरनंच मागवा.”

१२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्घाटन झालं आणि उरणपर्यंतच्या लोकलचंही. २१.८ किलोमीटरचा पूल, शिवडीहून निघालेला माणूस बघता बघता आमच्या अंगणात. रविवारी सकाळी मोठ्या गाड्या येतात, त्यातून काळे चष्मे उतरतात. गावात मासळी ताजी आणि स्वस्त, असं त्यांना कोणीतरी सांगितलेलं असतं. येऊन-जाऊन टोल पावणेचारशे रुपये, पेट्रोल वेगळं, आणि इथे आल्यावर हलव्यात वीस रुपये कमी करण्यासाठी पाऊण तास. पण खरं सांगू? मला त्यांचा राग येत नाही. घासाघीस करणारी ती शेवटची जमात आहे. चालू पडायला मात्र त्यांना जमत नाही. गाडीत बसून निघून गेलं तर मागची हाक ऐकू कशी येणार? एक जण गाडी सुरू करून काच खाली घेऊन थांबला होता. बाई बर्फ फोडत राहिली.

मे सरत आला की आमच्याकडे जुना बाजार थोडे दिवस परत येतो. मासेमारी बंद होण्याआधी सुक्या मासळीची आगोट भरायची धांदल असते, बोंबलांच्या माळा, जवळा, वाकट्या. आणि पहिल्या सरींबरोबर डोंगराकडच्या कातकरी बाया रानभाज्या घेऊन येतात. यांच्याकडे भोंगा नाही, डबा नाही, तराजूही नाही. शेवळांची जुडी, कंटोल्यांचा वाटा, टाकळ्याची मूठ. भाव वाट्यावर, रोख. इथे गिऱ्हाईकाला अजून थोडी किंमत आहे, म्हणजे निदान त्याला रागावतात. नवीन सुनेने शेवळं घेतली आणि काकड घ्यायला विसरली तर बाई तिला सोडत नाही: “हे घातल्याबिगर खाशील तर घसा खाजवंल. मंग मला शिव्या देशील.” काकडाची चार फळं तिच्या पिशवीत टाकून पाच रुपये जास्त घेते. ॲपवर शेवळं मिळतात का ते मी पाहिलेलं नाही, आणि मिळत असली तरी खाज सुटेल हे तिथे कोण सांगणार आहे?

मला वाटलं होतं, निदान कोळणीच्या ओट्यावर तरी माझी गिऱ्हाईकी शाबूत राहील. इतक्या वर्षांची ओळख. तर मध्ये एका सकाळी तिने माझ्यापुढे फोन धरला.

“दादूस, तू लिवतंस ना पेपरात?”

“कधीमधी.”

“मंग मना ग्रुपवर टाकाला लिवून दे. पोरगा कॉलेजला गेलाय, त्याच्या लिवन्यात चुका असतात.”

तिचा ग्रुप अडीचशे जणांचा आहे. माझं शेवटचं पुस्तक इतक्यांनी घेतलं नव्हतं. मी बाजूच्या पायरीवर बसलो आणि मन लावून लिहिलं. सागराच्या कुशीतून, पहाटेच्या पहिल्या किरणांसह, थेट आपल्या दारी, असं बरंच काही. तिने ते मला मोठ्याने वाचायला लावलं. बाजूच्या दोघी कोयते थांबवून ऐकत होत्या.

“हलवा करंजाचा हाय,” ती म्हणाली. “कुशीबिशीतला नाय. किरन कनचं, रातचा हाय तो, बरफात ठेवलाय. आनि ‘आपल्या दारी’ कशाला लिवलंस? मी कोनाच्या दारी नाय येनार. गेटवर या म्हनावं.”

शेवटी मजकूर राहिला तो असा: ‘हलवा. मांदेली. नऊपर्यंत. गेटवर.’ तेवढं गेलं आणि दोन मिनिटांत सतरा अंगठे आले. तिने कागदात मांदेलीचा वाटा बांधून माझ्या पिशवीत टाकला. मी फोन काढला तर तिने हात केला, नको म्हणून. डबा गप्प राहिला आणि समोरच्या काकूंना त्या दिवशी काहीच कळलं नाही.

“उद्या चिंबोऱ्या हायेत,” ती म्हणाली. “सातच्या आत ये. आनि लहान लिव, लोकांना वाचाला टाईम नसतो.”